बहुपत्नीविवाह-प्रतिबंध

पहिला विवाह मृत्यूमुळे किंवा घटस्फोटाने संपुष्टात येण्यापूर्वी विवाहित व्यक्तीने केलेला दुसरा विवाह रद्दबातल ठरविणारी आणि बहुधा तो करणाऱ्यास शिक्षा सांगणारी कायदेशीर तरतूद. एका पुरुषाने एकाच काळी अनेक स्त्रियांशी विवाह करण्याच्या प्रथेस बहुपत्नीकत्व व एका स्त्रीने अनेक पुरुषांशी विवाह करण्याच्या प्रथेस बहुपतित्व म्हणतात. कायद्याची बंदी दोहोंना सारखीच लागू असली, तरी प्रत्यक्षात बहुपतित्व अत्यंत विरळ असल्याने प्रतिबंधाचा इतिहास हा मुख्यत्वे बहुपत्नीकत्वाच्या प्रतिबंधाचा इतिहास आहे.

या इतिहासात एक प्रश्न वारंवार उपस्थित झाला आहे. धर्म व राज्य यांची फारकत झालेल्या देशांत घटस्फोट, पुनर्विवाह, आंतरधर्मीय विवाह, विवाहाविना सहजीवन इ. बाबींवरील धार्मिक बंधने कायद्याने क्रमाने दूर केली. एकविवाहाचा दंडक मात्र कायम ठेवला. हा दंडक म्हणजे केवळ ख्रिस्ती धर्माचा अवशेष आहे, की त्याला धर्मनिरपेक्ष राज्याला मान्य होईल असा स्वतंत्र आधार आहे, असा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना बंदीचा उगम आणि ती टिकून राहण्याची कारणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक ठरते (⟶ विवाहसंस्था).

प्राचीन पार्श्वभूमी : एकविवाहाचा कायदा ख्रिस्ती धर्माने निर्माण केला, हा समज बरोबर नाही. ख्रिस्तपूर्व काळातील ग्रीक नगरराज्यांत व रोममध्ये कायदेशीर पत्नी एकच असे. इ. स. दुसऱ्या शतकातील रोमन विधिज्ञ गेयस याने आपल्या ग्रंथात एका पुरुषास एकाच वेळी दोन पत्नी असू शकत नाहीत, हा नियम रूढ कायदा म्हणून नोंदविला आहे. इ. स. २१२ मध्ये साम्राज्यातील बहुसंख्य स्वतंत्र प्रजेला रोमन नागरिकत्व मिळाल्यावर बहुपत्नीकत्वाची चाल असलेले अनेक लोकसमूह या नियमाच्या कक्षेत आले. इ. स. २८५ मध्ये डायोक्लीशन या सम्राटाच्या शासनाने रोमच्या सत्तेखालील कोणालाही दोन पत्नी असू शकत नाहीत, असे स्पष्ट केले. हाच सम्राट पुढे ख्रिस्ती लोकांच्या छळासाठी कुप्रसिद्ध झाला. तेव्हा या शासनामागे ख्रिस्ती प्रेरणा असणे शक्य नव्हते.

अर्थात रोमन एकविवाह म्हणजे स्त्रीपुरुष-समानता नव्हे. दासींशी संबंध व उपस्त्री ठेवण्याची प्रथा त्याच समाजात रूढ होती. एकविवाहाचा हेतू वारसा आणि नागरिकत्व कोणत्या संततीकडे जावे हे निश्चित करण्यापुरता होता. ज्यू समाजात बायबलच्या जुन्या कराराच्या काळापासून बहुपत्नीकत्वास मुभा होती, परंतु इ. स. १००० च्या सुमारास माइन्त्स येथील रब्बी गेर्शोम यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या निर्बंधाने मध्य व पश्चिम यूरोपीय ज्यूंमध्ये ती बंद झाली.

चर्चकडून राज्याकडे : मध्ययुगीन यूरोपात विवाहविषयक अधिकार चर्चच्या न्यायालयांकडे गेला. विवाह हा संस्कार मानला गेल्याने एकविवाहाला धर्मशास्त्राचे अधिष्ठान मिळाले आणि ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. धर्मसुधारणेच्या काळात हा प्रश्न काहीसा डळमळीत झाला होता. हेसचा फिलिप या राजपुत्राने १५४० मध्ये पहिली पत्नी हयात असताना दुसरा विवाह केला व त्यास मार्टिन ल्यूथरची गुप्त संमती होती. हे प्रकरण उघडकीस आल्यावर प्रॉटेस्टंट पक्षाची मोठी नाचक्की झाली.

यानंतरच्या काळात बंदीची अंमलबजावणी चर्चकडून राज्याकडे आली. इंग्लंडमध्ये १६०४ च्या अधिनियमाने द्विविवाह हा राजसत्तेविरुद्धचा गंभीर गुन्हा ठरला. या अधिनियमाचा रोख बहुपत्नीकत्वाच्या प्रथेवर नव्हता. तशी प्रथा तेथे नव्हतीच. एका गावी पत्नी टाकून दुसऱ्या गावी लग्न करणारे फसवे नवरे हे त्याचे लक्ष्य होते. सात वर्षे जोडीदाराचा ठावठिकाणा न लागल्यास दुसरा विवाह करणाऱ्यास शिक्षा होऊ नये, हा अपवादही या अधिनियमात आढळतो. पुढे तो १८६० च्या भारतीय दंडसंहितेतही उतरला. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर विवाह पूर्णपणे नागरी झाला. १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेने (अनुच्छेद १४७) पहिला विवाह विसर्जित होण्यापूर्वी दुसरा करता येणार नाही, असे सांगितले; मात्र या वेळी आधार धर्माज्ञेचा नसून नागरी नोंदवहीचा होता. ज्या राज्याने विवाहाची नोंद धर्मगुरूच्या हातून काढून घेतली, त्याच राज्याने एकविवाह हा त्या नोंदीचा पाया केला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

इंग्लंडमधील ‘हाइड विरुद्ध हाइड’ (१८६६) या खटल्यात न्यायाधीश विल्डे (पुढे लॉर्ड पेन्झान्स) यांनी ख्रिस्ती जगात विवाह म्हणजे एक पुरुष व एक स्त्री यांचे इतर सर्वांना वगळून झालेले स्वेच्छेचे आजीवन मीलन, अशी व्याख्या केली. बहुपत्नीकत्वास वाव देणाऱ्या पद्धतीने झालेल्या विवाहाबाबत इंग्रजी वैवाहिक न्यायालये दाद देऊ शकत नाहीत, असा तिचा परिणाम झाला. पतीची एकच पत्नी असली, तरी परदेशात अशा पद्धतीने विवाह झालेल्या स्त्रियांना त्यामुळे पोटगी व घटस्फोट यांची दाद मिळेना. १९७२ च्या अधिनियमाने हा अन्याय दूर केला. बंदीचे तत्त्व ताणले असता ज्या स्त्रियांच्या हितासाठी ते सांगितले जाते त्यांनाच त्याची झळ बसते, याचे हे एक उदाहरण होय.

अमेरिकेतील मॉर्मन प्रकरण : धर्मस्वातंत्र्य व एकविवाह यांचा पहिला मोठा संघर्ष अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. मॉर्मन पंथाने १८५२ मध्ये बहुपत्नीकत्वाचा जाहीर पुरस्कार केला. यूटा हा त्यांच्या वस्तीचा प्रदेश तेव्हा संघराज्याच्या थेट अखत्यारीत होता. मॉरिल अधिनियमाने (१८६२) अशा प्रदेशांत द्विविवाह दंडनीय ठरविला. पंथप्रमुख ब्रिगम यंग यांचे सचिव जॉर्ज रेनल्ड्स यांच्यावर खटला होऊन तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १८७९ मध्ये मुख्य न्यायाधीश वेट यांनी दिलेल्या निर्णयात श्रद्धा व कृती यांत भेद केला : कायद्याला श्रद्धेत हस्तक्षेप करता येत नाही, कृतीत येतो. धर्मश्रद्धेने केलेली प्रत्येक कृती क्षम्य मानली, तर प्रत्येक माणूस स्वतःपुरता कायदा होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. त्यासाठी त्यांनी दिलेल्या दृष्टांतांत नरबळी व सती यांचा समावेश होता.

हा भेद पुढे जगातील अनेक न्यायालयांनी स्वीकारला. परंतु त्याच निर्णयात बहुपत्नीकत्व हे आशियाई व आफ्रिकी लोकांचे लक्षण म्हणून हीन ठरविण्यात आले होते, ही गोष्टही विसरता येत नाही. तत्त्व आणि पूर्वग्रह तेथे एकाच परिच्छेदात नांदत होते. नंतरचे कायदे अधिकाधिक कडक झाले. एडमंड्स अधिनियमाने (१८८२) बहुपत्नीकांचा मताधिकार काढून घेतला व एकाहून अधिक स्त्रियांसह राहणे हाच गुन्हा ठरविला. १८८७ च्या अधिनियमाने पंथाची कायदेशीर संस्था विसर्जित करून तिच्या मालमत्तेवर टाच आणली. यूटातील स्त्रियांना १८७० पासून मताधिकार होता. तोही याच अधिनियमाने काढून घेतला. स्त्रियांना दास्यातून सोडविण्यासाठी म्हणून केलेल्या कायद्याने त्यांचे मतच हिरावून घेतले, हा या प्रकरणातील सर्वांत मोठा विरोधाभास होय. १८९० मध्ये पंथाने बहुपत्नीकत्वाचा त्याग जाहीर केला व १८९६ मध्ये यूटाला घटक राज्याचा दर्जा मिळाला.

जॉन स्ट्यूअर्ट मिल याने आपल्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथात (१८५९) या प्रश्नाची चर्चा केली आहे. बहुपत्नीकत्व हे समाजाच्या अर्ध्या भागाच्या पायांतील बेडी आहे, म्हणून ते स्वातंत्र्याच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असे त्याचे मत होते. परंतु बाहेरच्यांनी मॉर्मनांवर सक्ती करण्यास त्याने विरोध केला. संस्था अन्याय्य असणे आणि ती दंडाने मोडणे योग्य असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, असा मिलच्या विवेचनाचा रोख आहे. पुढील काळातील जवळजवळ सर्व वादाची बीजे त्यात सापडतात.

यूरोपबाहेरील देश : विसाव्या शतकात बंदीचा प्रसार मुख्यतः बिगर-ख्रिस्ती देशांत झाला. जपानने १८९८ च्या नागरी संहितेत द्विविवाहास मनाई केली. तुर्कस्तानने १९२६ मध्ये स्वित्झर्लंडच्या धर्तीवर नागरी संहिता स्वीकारून बहुपत्नीकत्व रद्द केले. चीनच्या १९५० च्या विवाह कायद्याने द्विविवाह व उपस्त्री ठेवणे या दोहोंवर बंदी घातली. नेपाळमध्ये १९६३ च्या मुलुकी ऐनने ती आली. ट्युनिशियाने १९५६ च्या व्यक्तिगत दर्जा संहितेत बहुपत्नीकत्व दंडनीय केले. मात्र तेथे युक्तिवाद इस्लामच्या अंतर्गत होता. अनेक पत्नींना समान न्याय देण्याची कुराणातील अट माणसाकडून पुरी होणे अशक्य आहे, म्हणून ती अट हीच बंदी समजावी, अशी मांडणी करण्यात आली. या सर्व देशांत ख्रिस्ती वारसा नव्हता. आधुनिक राष्ट्राची उभारणी, कुटुंबप्रमुखाच्या निरंकुश सत्तेला आळा आणि स्त्रियांचे नागरिकत्व हे हेतू तेथे प्रधान होते.

भारत : प्राचीन हिंदू धर्मशास्त्रात एकपत्नीत्व हा आदर्श व बहुपत्नीकत्व ही मुभा, अशी स्थिती दिसते. धर्म व प्रजा यांनी संपन्न अशी पत्नी असताना दुसरी करू नये, असे आपस्तंब धर्मसूत्र सांगते. मनुस्मृतीने वंध्या स्त्रीचे आठव्या वर्षी, जिची मुले जगत नाहीत तिचे दहाव्या वर्षी व केवळ मुली होणारीचे अकराव्या वर्षी अधिवेदन, म्हणजे तिच्यावर सवत आणणे, सांगितले आहे. कौटिल्याने अधिवेदन करणाऱ्यावर द्रव्यदानाची जबाबदारी टाकली आहे. या मर्यादा ब्रिटिश न्यायालयांत नैतिक उपदेशापुरत्या उरल्या व हिंदू पुरुषास कितीही पत्नी करता येतात, असा कायदा रूढ झाला.

यातून एक विलक्षण विषमता निर्माण झाली. भारतीय दंडसंहितेचे कलम ४९४ शब्दशः स्त्रीपुरुष दोघांनाही लागू होते. परंतु जोडीदार हयात असल्यामुळे जो दुसरा विवाह रद्दबातल ठरतो, तोच त्याखाली गुन्हा होई. हिंदू व मुस्लिम पुरुषाचा दुसरा विवाह व्यक्तिगत कायद्याने वैध असल्याने तो सुटे. त्याच समाजातील स्त्री मात्र सात वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र ठरे. ख्रिस्ती समाजास एकविवाहाचा नियम होताच. पारशी समाजाने स्वतःच्या प्रयत्नाने १८६५ मध्ये आपल्यासाठी एकविवाहाचा कायदा करून घेतला.

सुधारणेचा आवाज प्रथम बंगालमध्ये उठला. ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी कुलीन ब्राह्मणांतील बहुपत्नीकत्वाविरुद्ध १८५५ पासून अर्ज केले व १८७१ आणि १८७३ मध्ये ग्रंथ लिहिले. परंतु १८५७ च्या उठावानंतर सरकार सामाजिक कायद्यांना कचरत होते. १८७२ च्या विशेष विवाह अधिनियमाने एकविवाहाची सोय केली, पण त्यासाठी वधूवरांना आपण हिंदू, मुस्लिम इ. धर्मांचे नाही असे जाहीर करावे लागे. हिंदू कायदा समितीने (राव समिती) १९४० नंतरच्या दशकात एकविवाहाची शिफारस केली. १९४६ च्या मध्यवर्ती अधिनियमाने पतीने दुसरा विवाह केल्यास पहिल्या पत्नीस वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क दिला.

मुंबईचा १९४६ चा अधिनियम व नरसू अप्पा माळी खटला : त्याच वर्षी मुंबई प्रांताने हिंदू द्विविवाह प्रतिबंधक अधिनियम संमत केला. मद्रासने १९४९ मध्ये व सौराष्ट्राने १९५० मध्ये असे कायदे केले. मुंबईच्या अधिनियमाने दुसरा विवाह रद्दबातल ठरविला, विवाह करणाऱ्याप्रमाणेच तो लावणाऱ्या व त्यास साहाय्य करणाऱ्या व्यक्तींनाही शिक्षा सांगितली आणि गुन्हा दखलपात्र केला. पत्नीच्या फिर्यादीवर सारे अवलंबून ठेवल्यास पतीवर उपजीविकेसाठी विसंबून असलेली स्त्री फिर्याद करण्यास धजावणार नाही, हा विचार त्यामागे दिसतो. अधिवासी व्यक्तीने प्रांताबाहेर जाऊन केलेल्या विवाहासही कायदा लागू होता.

राज्यघटना अंमलात आल्यावर या अधिनियमास आव्हान देण्यात आले. ‘मुंबई राज्य विरुद्ध नरसू अप्पा माळी’ या प्रकरणाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात १९५१ मध्ये मुख्य न्यायाधीश म. क. छागला व न्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी दिला. आक्षेप दोन होते. पुत्रप्राप्ती हे हिंदूंचे धार्मिक कर्तव्य असल्याने बंदीमुळे धर्मस्वातंत्र्यावर घाला येतो, हा पहिला. केवळ हिंदूंना बंदी व मुस्लिमांना मुभा, हा समानतेचा भंग आहे, हा दुसरा. पहिल्यास उत्तर देताना छागला यांनी श्रद्धा व आचार यांतील भेद मांडला, घटनेने समाजसुधारणेसाठी कायदे करण्याची मुभा राखून ठेवली आहे याकडे लक्ष वेधले आणि पुत्र दत्तकविधानानेही मिळू शकतो, हे दाखवून दिले. दुसऱ्याचे उत्तर असे की, राज्य सुधारणा टप्प्याटप्प्याने करू शकते व हे टप्पे प्रदेशवार किंवा समाजवारही असू शकतात.

व्यक्तिगत कायदे हे घटनेच्या अनुच्छेद १३ मधील ‘कायदा’ या संज्ञेत येत नाहीत, म्हणून मूलभूत हक्कांच्या निकषावर ते तपासता येत नाहीत, असेही या निकालात सांगितले होते. त्याचे परिणाम दूरगामी झाले. ज्या निकालाने सुधारणेचा कायदा वाचविला, त्यानेच सुधारणा न झालेल्या व्यक्तिगत कायद्यांभोवती कुंपण घातले. ‘टप्पा’ या शब्दात पुढचा टप्पा गृहीत असतो. तो केव्हा यावा, याविषयी न्यायालयाने काही सांगितले नव्हते, तसे सांगणे त्याचे कामही नव्हते. तो प्रश्न विधिमंडळांवर राहिला आणि अनेक दशके तेथेच राहिला.

१९५५ नंतर : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पुरस्कारलेल्या हिंदू संहिता विधेयकात एकविवाह हे महत्त्वाचे सूत्र होते. विधेयक रखडल्याने त्यांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे हिंदू विवाह अधिनियमाने (१९५५) हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यासाठी देशभर एकविवाह सक्तीचा केला व मुंबईचा १९४६ चा अधिनियम निरसित झाला. अनुसूचित जमातींना मात्र केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा अधिनियम लागू होत नाही.

कायदा झाला, पण अंमलबजावणीत दोन मोठ्या उणिवा राहिल्या. पहिली पुराव्याची. ‘भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (१९६५) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, दुसरा विवाह होम, सप्तपदी यांसारख्या आवश्यक विधींसह झाल्याचे सिद्ध झाल्याशिवाय गुन्हा होत नाही. गांधर्व म्हणून सांगितलेल्या त्या विवाहात हे विधी झाल्याचे सिद्ध न झाल्याने आरोपी सुटले. परिणामतः जो माणूस दुसरे लग्न अपुऱ्या विधींनी उरकतो, तो कायद्याच्या कचाट्यातून निसटतो. आणि त्या स्त्रीला मात्र समाजात पत्नी व न्यायालयात परकी, असे दुहेरी जिणे जगावे लागते.

दुसरी उणीव दुसऱ्या पत्नीच्या हक्कांची. यमुनाबाई आढाव प्रकरणात (१९८८) सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल विवाहातील स्त्रीस दंडप्रक्रिया संहितेखाली पत्नी म्हणून पोटगी मागता येत नाही, असे सांगितले. पुढे बादशाह विरुद्ध ऊर्मिला गोडसे (२०१३) या महाराष्ट्रातीलच प्रकरणात, पहिला विवाह लपवून फसविलेल्या स्त्रीच्या बाबतीत पतीला स्वतःच्या लबाडीचा लाभ घेता येणार नाही, म्हणून ती पोटगीस पात्र आहे, असा निर्णय झाला. अशा विवाहातील संततीस हिंदू विवाह अधिनियमाने औरस मानले आहे. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत आईवडिलांच्या वाट्यास जो हिस्सा आला असता त्यात अशा संततीस वाटा मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

बंदी टाळण्यासाठी धर्मांतराचा मार्गही वापरला गेला. सरला मुद्गल (१९९५) व लिली थॉमस (२०००) या प्रकरणांत, हिंदू पद्धतीने विवाह झालेल्या पुरुषाने इस्लाम स्वीकारून केलेला दुसरा विवाह गुन्हाच ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. भारतीय दंडसंहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत हा गुन्हा कलम ८२ मध्ये आहे.

मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात चार पत्नींपर्यंतची मुभा १९३७ च्या शरीयत अधिनियमानंतरही कायम राहिली. १९३९ च्या अधिनियमाने कुराणाच्या आदेशानुसार समान वागणूक न मिळणाऱ्या सवतीस घटस्फोट मागता येतो. महाराष्ट्रात हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला व १९७० मध्ये पुणे येथे मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. तोंडी तलाक व बहुपत्नीकत्व यांची समाप्ती आणि समान नागरी कायदा या त्यांच्या मागण्या होत्या. तलाकविषयीच्या २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुपत्नीकत्वाचा विचार केला नाही. तो प्रश्न २०१८ मध्ये घटनापीठाकडे सोपविण्यात आला. उत्तराखंड राज्याची समान नागरी संहिता २७ जानेवारी २०२५ पासून अंमलात आली; तीत अनुसूचित जमाती वगळून सर्वांना एकविवाह सक्तीचा आहे.

गोव्यात पोर्तुगीजांची १८६७ ची नागरी संहिता भारतात विलीन झाल्यावरही चालू राहिली. तेथील मुस्लिमांना शरीयत अधिनियम लागू नाही व बहुपत्नीकत्वाची मुभाही नाही. उलट, १८८० च्या एका हुकुमाने बिगर-ख्रिस्ती हिंदूंच्या रूढी राखताना पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल न झाल्यास, किंवा तिसाव्या वर्षापर्यंत पुत्र न झाल्यास, काही अटींवर पतीस दुसऱ्या विवाहाची सवलत ठेवली होती. समान म्हणून गौरविलेल्या संहितेतही मनुस्मृतीतील अधिवेदनाचे पडसाद उमटावेत, हे उद्बोधक आहे.

प्रथेचे प्रत्यक्ष प्रमाण व तिच्याविषयीचा समज यांत बरेच अंतर आहे. १९६१ च्या जनगणनेच्या आधारे केलेल्या पाहणीत बहुपत्नीक विवाहांचे प्रमाण आदिवासींत १५·२५ टक्के, हिंदूंत सु. ५·८ टक्के व मुस्लिमांत सु. ५·७ टक्के आढळले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या (२०१९–२१) आकडेवारीनुसार विवाहित स्त्रियांपैकी १·४ टक्के स्त्रियांच्या पतीस दुसरी पत्नी होती. हिंदूंत हे प्रमाण १·३ व मुस्लिमांत १·९ टक्के होते. म्हणजे ही प्रथा सर्वच समाजांत ओसरत आली असून, कायद्याने बंदी असलेल्या व नसलेल्या समाजांतील फरक अल्प आहे. शिक्षण, राहणीचा खर्च व स्त्रियांचा बदललेला दर्जा यांचा वाटा कायद्याइतकाच मोठा असावा, असे यावरून दिसते.

आधुनिक समर्थन व आक्षेप : धर्माचा आधार सोडून दिल्यावर बंदीचे समर्थन मुख्यतः चार मुद्यांवर केले जाते. पहिला समानतेचा. बहुपत्नीकत्वात एका पुरुषाला अनेक स्त्रियांवर जो हक्क असतो, तो प्रत्येक स्त्रीला त्याच्यावर नसतो. सवत आणण्याची नुसती शक्यताही पहिल्या पत्नीला कायम धाकात ठेवू शकते. संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रियांविषयक भेदभाव निर्मूलन समितीने १९९४ मध्ये बहुपत्नीकत्व समानतेच्या हक्काविरुद्ध असल्याचे नमूद केले. दुसरा मुद्दा तृतीय पक्षाच्या हानीचा. शंभर पुरुष व शंभर स्त्रिया यांच्या समाजात दहा पुरुषांनी प्रत्येकी तीन पत्नी केल्यास उरलेल्या नव्वद पुरुषांसाठी सत्तर स्त्रिया राहतात. वीस जण अविवाहित राहतात. त्यामुळे तरुण पुरुषांत स्पर्धा व गुन्हेगारी, मुलींच्या विवाहवयात घट आणि त्यांच्यावरील पहारा वाढतो, असे मत हेन्रिक व त्यांचे सहकारी यांनी २०१२ मध्ये मांडले. तिसरा मुद्दा मुलांच्या हिताचा, म्हणजे पित्याची मिळकत व लक्ष यांच्या विभागणीचा. चौथा मुद्दा कायद्याच्या रचनेचा. वारसा, निवृत्तिवेतन, उपचारांस संमती, मुलांचा ताबा, घटस्फोटानंतरची वाटणी या सर्व तरतुदी जोडीदार एकच आहे, असे धरून केलेल्या असतात.

या मुद्यांची सर्वांत सविस्तर न्यायालयीन तपासणी कॅनडात झाली. ब्रिटिश कोलंबियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये इतिहास, मानसशास्त्र, अर्थशास्त्र इ. विषयांच्या तज्ञांच्या साक्षी घेऊन, धर्मस्वातंत्र्यावर मर्यादा येत असली तरी स्त्रिया, मुले व समाज यांच्या हानीमुळे बंदी समर्थनीय आहे, असा निष्कर्ष काढला. मात्र अशा विवाहात ढकललेल्या अल्पवयीनांवर खटला भरता येणार नाही, असे बजावले. १८७९ च्या अमेरिकी निर्णयाशी तुलना करता येथे संस्कृतीच्या श्रेष्ठकनिष्ठतेची जागा हानीच्या पुराव्याने घेतलेली दिसते.

आक्षेपही गंभीर आहेत. प्रौढ स्त्री स्वखुषीने सवत पत्करत असेल, तर राज्याने आड का यावे. विवाहाविना अनेकांशी संबंध ठेवणारा निर्दोष व त्यांपैकी दोघींना पत्नीचा मान देणारा गुन्हेगार का. दोन पुरुषांचा किंवा दोन स्त्रियांचा विवाह मान्य करणारे कायदे तिघांच्या विवाहास कोणत्या तत्त्वावर नकार देतात, असे प्रश्न विचारले जातात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये समलिंगी विवाहास मान्यता दिली, तेव्हा भिन्नमत देणारे मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांनी हा शेवटचा प्रश्न उपस्थित केला होता. त्यावरचे उत्तर असे की, समलिंगी विवाहाने जोडीदार कोण असावा हे बदलले. परस्परांवरचा समान व अनन्य हक्क ही विवाहाची रचना बदलली नाही. ‘स्वखुषी’विषयी असे म्हणता येते की, पहिल्या पत्नीची संमती बहुतेक ठिकाणी विचारलीच जात नाही, आणि विचारली, तरी नकार देऊन जाण्यास जागा नसलेल्या स्त्रीच्या होकाराचे मोल मर्यादितच असते.

शिक्षेविषयीचा आक्षेप मात्र अधिक वजनदार आहे. विवाह हा केवळ दोन व्यक्तींचा करार नसून राज्याने दिलेला दर्जा आहे. तेव्हा तो दर्जा कोणास द्यावा, हे ठरविण्याचा राज्याचा अधिकार उघड आहे. परंतु दर्जा नाकारणे आणि तुरुंगात टाकणे यांत फरक आहे. यूटा राज्याने २०२० मध्ये संमतीने राहणाऱ्या प्रौढांच्या बाबतीत बहुपत्नीकत्व किरकोळ अपराध ठरविले. शिक्षेच्या भीतीने अशी कुटुंबे लपून राहतात व छळ झालेल्या स्त्रिया, मुले पोलिसांपर्यंत जात नाहीत, असे त्यामागील कारण सांगण्यात आले. सक्ती व फसवणूक यांसाठीची कडक शिक्षा मात्र कायम ठेवली. याउलट दक्षिण आफ्रिकेने १९९८ च्या अधिनियमाने रूढीनुसार झालेल्या बहुपत्नीक विवाहांना मान्यता दिली व पुढील विवाहापूर्वी मालमत्तेच्या विभागणीचा करार न्यायालयाकडून मंजूर करून घेण्याची अट घातली.

सारांश, धर्मनिरपेक्ष राज्यांतील बंदीचा उगम मिश्र आहे. रोमन वारसाहक्क, ख्रिस्ती संस्कारकल्पना, नागरी नोंदवही, वसाहतकालीन अहंकार व स्त्रीमुक्तीची चळवळ या सर्वांनी तिला वेगवेगळ्या काळी आधार दिला. त्यांपैकी आज टिकाऊ ठरलेला आधार समानतेचा होय. तो स्वीकारला की बंदीचे मोजमापही त्यानेच करावे लागते. दुसऱ्या पत्नीला निराधार करणारी, सप्तपदीच्या पुराव्याअभावी फसविणाऱ्याला सोडणारी किंवा काही समाजांतील स्त्रियांना संरक्षणाबाहेर ठेवणारी बंदी त्या कसोटीस पूर्णपणे उतरत नाही. प्रतिबंध असावा की नाही, यापेक्षा तो ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापर्यंत कसा पोहोचेल, हा या इतिहासाने पुढे ठेवलेला अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे.